आनृशंस्य : आश्रयघरातील एका श्वानाच्या निमित्ताने

वारकरी वाचकहो,

या महिन्याच्या पाठासाठी आम्ही एकच शब्द घेतला आहे. शब्द जिभेला जड आहे, पण अर्थ एकदा उकलला की तो लहान मुलालाही आपला वाटेल. तो शब्द म्हणजे आनृशंस्य. महाभारतात हा शब्द धर्मराजाच्या तोंडी वारंवार येतो. वनपर्वात यक्षाने धर्मराजाला विचारले की सर्वांत श्रेष्ठ धर्म कोणता, तेव्हा त्याने यज्ञ सांगितला नाही, तप सांगितले नाही, तीर्थयात्राही सांगितली नाही. आनृशंस्य एवढेच सांगितले.

आता शब्दाची फोड पाहू. नृशंस म्हणजे क्रूर, घातकी. जो तसा नाही तो अनृशंस. अशा माणसाचा जो भाव, त्याचे नाव आनृशंस्य. कोणी म्हणेल, महाराज, मग सरळ दया म्हणा की! पण दोहोंत अंतर आहे. दया मनात येते आणि जाते. उन्हात धापा टाकणारं कुत्रं पाहिलं, 'अरेरे' म्हटलं आणि पुढे गेलो, ही दयाच झाली. आनृशंस्य हा स्वभाव आहे. आपली सोय संपली, गाडी सुटायची वेळ झाली, घरचे कंटाळले, तरी ज्याला आपण आधार दिला त्याच्याशी कठोर होणे ज्याला जमतच नाही, तो अनृशंस. दयेची परीक्षा पहिल्या दिवशी होते, आनृशंस्याची शंभराव्या दिवशी.

हा शब्द शिकवायला व्यासांनी उदाहरण कोणाचे घेतले? राजाचे नाही, ऋषीचे नाही, एका कुत्र्याचे घेतले. म्हणून आमचाही आजचा पाठ कुत्र्याच्याच निमित्ताने आहे, आणि तेही आश्रयघरात नव्या घराची वाट पाहत बसलेल्या एका गरीब कुत्रीच्या निमित्ताने.

१. एका सूत्रातले तिघे

पाठशाळेत व्याकरण शिकताना विद्यार्थ्याला एका ठिकाणी हसू येते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादात १३३ वे सूत्र आहे. त्यात आचार्यांनी तीन शब्द एकत्र बसवले आहेत : श्वन् म्हणजे कुत्रा, युवन् म्हणजे तरुण आणि मघवन् म्हणजे देवांचा राजा इंद्र. या तिन्ही शब्दांत काही विभक्तींच्या वेळी 'व'चा 'उ' होतो. म्हणून श्वन् चे शुनः, युवन् चे यूनः आणि मघवन् चे मघोनः. पंडितांत यावर विनोद चालतो की काच, मणी आणि सोने एकाच दोऱ्यात ओवणारी पोर अडाणी म्हणावी, तर एवढ्या मोठ्या पाणिनीनेही कुत्रा आणि इंद्र एका सूत्रात ओवलेच ना!

विनोद विनोदाच्या जागी. पण व्याकरणाला उच्चनीच ठाऊक नाही. शब्दाला जो नियम लागू, तो लागू. गीतेच्या पाचव्या अध्यायातील अठराव्या श्लोकात भगवंतांनी हीच गोष्ट व्याकरणातून जीवनात आणली. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला माणूस, या पाचांकडे जो सारख्या दृष्टीने पाहतो त्याला पंडित म्हणावे, असे तेथे सांगितले आहे. पंडित ही पदवी त्या श्लोकात ग्रंथ पाठ करणाऱ्याला दिलेली नाही, हे ध्यानात ठेवावं.

२. हिमालयातील प्रसंग

महाभारताचे सतरावे पर्व महाप्रास्थानिक पर्व. पांडव राज्य सोडून निघाले. पाच भाऊ, द्रौपदी आणि हस्तिनापुरापासून मागे लागलेला एक कुत्रा. चढणीवर आधी द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. उरला धर्मराज आणि मागे तो कुत्रा.

इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, चढ. धर्मराज म्हणाला, हा कुत्रा बरोबर आहे, याने मला सोडले नाही, याला घेऊनच येतो. इंद्राने नाना परींनी समजावले. कुत्रे बाळगणाऱ्याला स्वर्गात जागा नाही, त्याचे यज्ञ-दानाचे पुण्य हिरावले जाते, असे भय घातले. धर्मराज हलला नाही. त्याने चार महापातके मोजून दाखवली : शरण आलेल्याला भय देणे, स्त्रीची हत्या, ब्राह्मणाचे धन हरण करणे आणि मित्राचा द्रोह. ही चार एका बाजूला आणि भक्ताचा त्याग दुसऱ्या बाजूला. दोन्ही पारडी मला सारखीच, असे तो म्हणाला.

भक्तत्याग हा शब्द येथे नीट पाहा. आपण भक्त म्हटले की टाळ-वीणा आणि कपाळीचा बुक्का डोळ्यांपुढे येतो. व्यासांनी येथे भक्त म्हटले ते कुत्र्याला. जो आपल्यावाचून दुसरे कोणी जाणत नाही, तो भक्त. मग इंद्राने बिनतोड वाटणारा मुद्दा काढला. तो म्हणाला, तू भावांना सोडलेस, द्रौपदीला सोडलेस, मग या कुत्र्याचाच एवढा मोह का? धर्मराजाचे उत्तर प्रत्येक गृहस्थाने पदरी बांधून ठेवावे असे आहे. तो म्हणाला, ते मरण पावले होते, त्यांना उठवणे माझ्या हाती नव्हते. जिवंत असताना मी त्यांना सोडले नाही.

या कथेत आम्हाला आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की त्या कुत्र्याने वाटेत काहीच केलेले नाही. त्याने राखण केली नाही, कोणाचे प्राण वाचवले नाहीत. तो नुसता मागून चालत आला. आधार मिळण्यासाठी एवढीच पात्रता धर्मराजाला पुरली. दुसरी गोष्ट कीर्तनात घाईने सुटते. तो कुत्रा प्रत्यक्ष यमधर्म होता, हे ऐकले की श्रोते टाळी वाजवतात आणि 'बघा, फळ मिळाले' असे म्हणतात. अहो, पण धर्मराजाला ते ठाऊक कुठे होते? ठाऊक असते तर त्या वागण्याला काय किंमत राहिली असती? त्याने कुत्र्याला कुत्रा म्हणूनच सोबत ठेवले. यास्तव कोणत्याही मुक्या जीवात दडलेला देव शोधून मग त्याला घास घालण्याची गरज नाही. तो जीव आहे आणि भुकेला आहे, एवढे कारण पुरे.

३. आश्रयघर म्हणजे धर्मशाळा

आता हल्लीच्या काळात येऊ. निराधार कुत्र्यांना ठेवण्याची सोय ही काही केवळ विलायती कल्पना नव्हे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत पोलिसांनी मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला. पारशी समाजात श्वानाला फार मान आहे, त्यांच्या अंत्यविधीतही श्वानाला स्थान आहे. ते खवळून उठले, इतरही समाज त्यांना मिळाले, बाजार बंद पडले, दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि इतर धनिकांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली. निराधार जनावरांना तेथे जागा आणि चारा मिळू लागला. पुढे १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली. लंडन शहरात मेरी टील्बी नावाच्या बाईने १८६० मध्ये हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर काढले. ते १८७१ मध्ये बॅटरसी भागात गेले आणि त्या नावाने जगाला माहीत झाले. त्याच्या पहिल्या नावात 'तात्पुरते घर' असे शब्द होते. तात्पुरते, हा शब्द महत्त्वाचा.

आपल्याला हे चट्कन कळेल. पंढरपुरात आपण धर्मशाळेत उतरतो. तेथे छप्पर आहे, पाणी आहे, पंगत आहे. पण कोणी विचारले, 'तुमचं घर कुठलं?', तर धर्मशाळेचं नाव सांगतो का? आपण गावाचं नाव सांगतो. आश्रयघर ही कुत्र्याची धर्मशाळा आहे. तेथील माणसे कितीही प्रेमळ असोत, शंभर जनावरांत एकाच्या वाट्याला त्यांचा हात किती वेळ येणार?

मागे एका जिल्ह्याच्या गावी कीर्तनासाठी गेलो असता आमच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला असे एक आश्रयघर दाखवले. जाळीपाशी कुत्र्यांचा गलका होता, उड्या होत्या, भुंकणे होते. अगदी मागे भिंतीला टेकून एक तांबूस रंगाची कुत्री बसली होती. तिला तेथे गोदी म्हणतात. आम्ही जवळ गेलो तेव्हा तिने शेपटी जमिनीवर दोनदा आपटली, मान खाली घातली आणि हात लावू दिला. राखणदाराला आम्ही विचारले, "काय रे बाबा, एवढी गरीब कुत्री, हिला कुणी मागत नाही?"

तो म्हणाला, "महाराज, गरीब हाय म्हणूनच ऱ्हायली. येणारी मानसं पिल्लू मागत्यात, न्हाईतर परदेशी जातीचं मागत्यात. ही चार-पाच वर्सांची, गावठी. पुढं येऊन उड्या मारीत न्हाई. बघणारा म्हनतो, आजारी दिसती."

तिची हकीगत त्याने सांगितली ती अशी. एका कुटुंबाने तिला पिल्लू असल्यापासून वाढवले. बदली झाली. नव्या जागी कुत्रे चालत नव्हते. एके दिवशी पहाटे आश्रयघराच्या फाटकाला ती बांधलेली सापडली. शेजारी तिची जेवणाची थाळी ठेवलेली होती, तिच्यात दूध-भाकरीही होती. वाचकहो, ही थाळीच आमच्या मनात राहिली. त्या माणसांना नृशंस म्हणवत नाही. उपाशी सोडवेना म्हणून तर त्यांनी थाळी भरून ठेवली. त्यांच्यापाशी दया होती. उणे होते ते आनृशंस्य. शब्दांतले अंतर आम्ही आरंभी सांगितले ते यासाठीच.

हा पाठ लिहीत असताना गोदी तेथेच आहे. फाटक वाजले की अजूनही कान टवकारते, असे राखणदार सांगतो. मनुष्य आला की बघते, ओळखीचा नाही असे दिसले की पुन्हा पंजांवर हनुवटी टेकते. परंपरेत नामदेवरायांची कथा आपण सारे सांगतो. श्वान कोरडी भाकरी घेऊन पळाले आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्या कथेतले श्वान निदान भाकरी पळवते तरी. जे पळवत नाही, मागत नाही, भुंकतही नाही, त्याच्या मागे वाटी घेऊन कोण धावणार? मागणाऱ्याला देणे सोपे आहे. गप्प बसलेल्याकडे आपण होऊन पाहावे लागते.

४. शंका आणि समाधान

पहिली शंका. 'आमच्याकडे सोवळे आहे. कुत्रा घरात घेतला तर विटाळ नाही का?'
समाधान. स्मृतींत श्वानस्पर्शाचे नियम आहेत, ते आम्ही नाकारत नाही. ज्याला ते पाळायचे आहेत त्याने कुत्र्याची जागा पडवीत, अंगणात, सोप्यात करावी. देवघर आणि स्वयंपाकघर राखावे. पण त्याच धर्मशास्त्राने गृहस्थाच्या रोजच्या पाच यज्ञांत भूतयज्ञ सांगितला, वैश्वदेवात श्वानाचा बली सांगितला. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात तर कुत्रे, कावळे आदींचे अन्न भिरकावू नये, हलकेच जमिनीवर ठेवावे, इतकी बारीक सूचना आहे. शास्त्राने स्पर्शाला मर्यादा घातली. घासावरचा हक्क काढून घेतला नाही. आणि दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान बसतात, त्यांना आपण चार वेद म्हणतो. खंडोबाजवळही कुत्रा आहेच.

दुसरी शंका. 'आम्ही माळकरी. घरात मांस येत नाही. मग कुत्र्याचे कसे होणार?'
समाधान. ही शंका खरी आहे आणि ती आधीच विचारली पाहिजे. मांजराला मांसाहारावाचून निसर्गाने गत ठेवलेली नाही. कुत्र्याचे तसे नाही. हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्यावर जगता जगता त्याला धान्य पचवण्याची शक्ती आली आहे. लांडग्यात दिसत नाही एवढ्या प्रमाणात पिष्ट पचवणारे घटक कुत्र्यात आहेत, असे स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. तथापि नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे पोषण होत नाही. डाळ, दही, पनीर, तयार पशुखाद्य यांतले काय, किती, हे जनावरांच्या डॉक्टरला विचारून ठरवावे. तेही जमणार नसेल तर कुत्रा आणू नये. आणून अर्धपोटी ठेवण्यापेक्षा न आणणे हे कमी पापाचे.

येथेच एक सावधगिरी सांगून ठेवतो. कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात; आपला चातुर्मास चार महिन्यांचा, कुत्र्याचा बारमाही समजावा! चॉकलेट विषासारखे. आणि आपल्या पंढरपूर-तासगावाकडे जो मुबलक पिकतो तो बेदाणा व द्राक्षे, ही तर त्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातले मनुके भाविकपणे कुत्र्यापुढे टाकू नयेत.

तिसरी शंका. 'कुत्रे चावते. पिसाळते. लेकराबाळांचे घर, त्याचे काय?'
समाधान. ही भीती खोटी नव्हे. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. म्हणून जो कुत्र्यावर दया सांगतो त्याने मुलांची काळजी त्याच्याआधी सांगितली पाहिजे. पाश्चर यांनी १८८५ मध्ये माणसावर या रोगाची लस यशस्वी करून दाखवली. ती आज सरकारी दवाखान्यातही मिळते. कुत्रे चावले, नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. चुना, मिरची, हळद भरत बसू नये. मांत्रिकाकडे तर मुळीच जाऊ नये. सुई सांगितलेल्या तारखांना पुरी घ्यावी. घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस द्यावी. आश्रयघरातून कुत्रे घेताना लस आणि नसबंदी झाली आहे का, याचा कागद मागावा. आणखी एक, मोठ्या कुत्र्याचा स्वभाव पारखून घेता येतो. पिल्लू पुढे कसे निघेल हे सांगता येत नाही. गोदीसारखी गरीब कुत्री पहिल्याच भेटीत तिचा स्वभाव दाखवते. तरीही लहान मूल आणि कुत्रे यांना एकटे सोडू नये, हा नियम गरीब कुत्र्यालाही लागू.

चौथी शंका. 'माणसे उपाशी आहेत, आणि कुत्र्याचे कौतुक कशाला?'
समाधान. ज्या जमशेटजींचे नाव पांजरपोळीशी जोडलेले आहे, त्यांच्याच दानातून १८४५ मध्ये मुंबईत माणसांसाठी मोठे इस्पितळ सुरू झाले. आज लाखो गरीब त्याला जे. जे. म्हणून ओळखतात. एकीकडे हात उघडला म्हणून दुसरीकडे मूठ आवळली गेली, असे झाले नाही. ज्याच्या हाताला देण्याची सवय आहे तो दोघांनाही देतो. ही शंका विचारणाऱ्याने आज कोणत्या माणसाला जेवू घातले, एवढे स्वतःच्या मनाला विचारून पाहावे.

५. घरी आणण्याचा आचार

घरी आणण्याआधी हिशेब करावा. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, कधी त्याहून अधिक. तेवढी वर्षे खर्च, जागा आणि माणूस आहे का? म्हाताऱ्या जोडप्याने दांडगे पिल्लू घेऊ नये. त्यांना वयात आलेले, शांत, दोन वेळा सावकाश फिरणारे कुत्रे बरे. आणि आपल्यापुरता प्रश्न असा की आषाढीला आपण जवळजवळ तीन आठवडे पायी वारीत असतो. त्या काळात त्याला कोण सांभाळणार? शेजारी, मुलगा, सून, ज्याने कबूल केले असेल त्याला आधी विचारून ठेवावे. वारीचा नेम आणि जिवाचा सांभाळ, दोन्ही एकत्र बसले पाहिजेत.

आश्रयघरांतील जाणकार एक सोपे गणित सांगतात : तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. पहिले तीन दिवस नवे कुत्रे घाबरलेले असते. ते खात नाही, कोपऱ्यात बसते, कोणी कोणी तर झोपतही नाही. तेव्हा आळीतली मुले गोळा करून 'बघा बघा' करू नये, आल्या आल्या आंघोळ घालू नये. एक कोपरा, एक पांघरूण, पाण्याचे भांडे, एवढे पुरे. तीन आठवड्यांत त्याला घराची वेळ कळू लागते. जेवण केव्हा, फिरणे केव्हा, दिवा केव्हा मालवतात. तीन महिन्यांत ते घर आपले मानू लागते. हे गणित सर्वांना तंतोतंत लागू पडेल असे नाही. पण चौथ्या दिवशी 'हे आमच्याशी खेळत नाही' म्हणून परत नेऊन सोडणाऱ्याला ते सांगावेच लागते. ज्याला एकदा फाटकाला बांधून जाण्यात आले, त्याने तुमच्यावर विश्वास ठेवायला वेळ घेतला तर तो त्याचा दोष नव्हे.

ज्याला घरी नेणे शक्य नाही त्याने हात झटकू नयेत. महिन्यातून एक दिवस जावे, एखाद्या शांत कुत्र्याला दोरी लावून फिरवून आणावे. जुनी गोधडी, पोते, धान्य द्यावे. आणि चार घरी सांगावे. गोदीसारखीला स्वतःचे कौतुक सांगता येत नाही. ते काम आपल्याला तोंड आहे म्हणून आपले.

६. वारीतला एक विषय

शेवटी खास आपल्या वाटेवरची गोष्ट सांगतो. पालखी निघाली की एखादे कुत्रे दिंडीच्या मागे लागते. भाविक माणसे त्याला भाकरी घालतात, पाठीवरून हात फिरवतात, कोणी गळ्यात हारही घालतो. सासवडला मिळालेल्या भाकरीमागे ते जेजुरी करते, वाल्हे करते, लोणंद करते. 'हा मागच्या जन्मीचा वारकरी' असे म्हणून आपण सुखावतो. द्वादशीचे पारणे होते, पौर्णिमेचा काला होतो, माणसे एसटीत आणि ट्रकमध्ये बसतात. कुत्रे वाळवंटात उभे राहते.

त्याचे पुढे काय होते? कुत्रे हे हद्दीचे जनावर आहे. आपल्या गल्लीत त्याला कोणते दार उघडते, कोठे सावली आहे, हे ठाऊक असते. परक्या गावात तेथली कुत्री त्याला फाडतात, अन्न मिळत नाही. म्हणून तर २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी व लस झाल्यावर कुत्रे ज्या भागातून उचलले त्याच भागात परत सोडावे, असे सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रस्त्यावरील कुत्र्यांविषयी जो आदेश दिला, त्यात दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. आणि उपासमार होईल अशा स्थितीत पाळलेला प्राणी टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

कायदा बाजूला ठेवा. धर्मराजापुढे हिमालयात जो प्रश्न होता तोच हा आहे. पांडवांच्या मागे जसे चालले तसेच हे चालले. तेथे स्वर्गाचा रथ आला होता, येथे एसटी आली. त्याने रथ थांबवला, आपण खिडकीची जागा धरतो. पांडुरंगाच्या दारात सोडले म्हणून त्या सोडण्याचे पुण्य होत नाही, वाचकहो. तो भक्तत्यागच.

यास्तव दिंडीकऱ्यांनी चार गोष्टी पाळाव्यात असे आम्ही सुचवतो. भुकेल्या कुत्र्याला घास जरूर घालावा, पण बोलावून पुढच्या मुक्कामी नेऊ नये. मागे लागलेच तर त्याच गावच्या माणसाच्या हाती देऊन थांबवावे. तरीही पंढरपूरपर्यंत आले, तर कोणत्या गावापासून आले हे दिंडीतल्या एकाने लक्षात ठेवावे. दिंडीचा ट्रक बहुधा त्याच वाटेने परततो, त्यातून त्याला त्याच्या गावी उतरवावे. आणि कोणाचा जीव त्याच्यावर जडलाच असेल, तर सरळ आपल्या घरी न्यावे, लस टोचावी आणि शेवटपर्यंत सांभाळावे. यांतले काहीच जमत नसेल तर निदान आश्रयघराशी बोलून, त्यांनी जागा आहे असे सांगितल्यावर, स्वतः नेऊन पोचवावे. फाटकाला बांधून पहाटे निघून जाऊ नये.

मननासाठी

पाठाच्या शेवटी तीन प्रश्न देतो. एकादशीच्या जागरात आपापसांत विचार करावा.

एक : दया आणि आनृशंस्य यांतील भेद तुमच्या घरातल्या एखाद्या उदाहरणाने सांगता येईल काय? म्हातारी गाय, आजारी सासू, दूरचा अनाथ भाचा, कोणतेही उदाहरण चालेल.

दोन : कुत्रा यमधर्म नसता, नुसता कुत्राच असता, तर धर्मराजाच्या कृतीची थोरवी कमी झाली असती की वाढली असती?

तीन : तुमच्या गल्लीत, दारात, दिंडीत, तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाला न जाणणारा असा कोण जीव आहे? त्याचे नाव एका कागदावर लिहावे आणि तो कागद पोथीत ठेवावा. पुढच्या वर्षी पोथी उघडाल तेव्हा तो जीव कुठे आहे, हे सांगता आले पाहिजे.

असो. विस्तारभयास्तव येथे थांबतो.

रामकृष्णहरी.